खांद्याची लोकर, मांडीचं कुसळ

फोन आला तेव्हा माझा उजवा हात कोपरापर्यंत कापसात होता. हंगाम ऐन भरात, जिनिंगच्या आवारात गाड्यांची रांग, आणि माझं कामच ते. मी ग्रेडर आहे. गाडीत वर दिसतो तो कापूस पांढराशुभ्रच असतो. खाली कवडी, म्हणजे किडका पिवळट कापूस, दडवली आहे का ते पाहायला हात खोल घालावा लागतो, मूठभर कापूस ओढून दोन अंगठ्यांमध्ये तंतू ताणून बघावा लागतो. डाव्या हातानं फोन कानाला लावला. पलीकडून माझी थोरली बहीण इंदूताई एवढंच म्हणाली, "पमू, ये. तुह्ये भाऊजी गेले..." मी "हो" म्हटलं. आणि मग, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, हातातली ती मूठ मी ताणून पाहिली, गाडीवाल्याला दर्जा सांगितला आणि नंतरच निघालो. दुःख वाटेत कुठेतरी भेटलं. त्याच्या आधी मनात आलं ते हे की, आता भाऊजी मला कधीच विचारणार नाहीत. आणि त्याच्या पाठोपाठ, लाज वाटावी असा सुटकेचा श्वास आला... आता ते मला कधीच विचारणार नाहीत.

काय विचारणार नाहीत, ते सांगण्यासाठीच हा लेख लिहितो आहे. तेरवी होऊन काही आठवडे झालेत. घरात बोलून झालं आहे, म्हणून आता चारचौघांत बोलायला हरकत नाही.

मधुकरभाऊजींची उभी हयात सूत कातायला शिकवण्यात गेली. आमच्या वर्ध्याकडे चरखा घरोघरी नसला तरी चरख्यावर बसलेला माणूस पाहून कोणी थांबत नाही, इतका तो ओळखीचा आहे. एका संस्थेच्या कताई विभागात ते पोरांना पेळू, पिंजलेल्या कापसाची वळी, धरायला शिकवत. नोकरी संपल्यावर सेलूच्या पुढच्या त्यांच्या गावी राहायला गेले, आणि गेल्या गेल्या त्यांच्या डोक्यात एक प्रश्न शिरला. थंडीत संस्थेतल्या पोरांना लोकरीच्या बंड्या वाटायचे. पोरं दिवसभर मान खाजवायची आणि संधी मिळताच बंडी काढून दप्तरात कोंबायची. भाऊजी म्हणायचे, "सूत माणसाच्या अंगाले लागते, अन् लोकर माणसाले चावते. असं काऊन?" मी म्हटलं, मेंढीला विचारा. ते गंभीरपणे म्हणाले, "तेच करतो."

सुरुवातीला त्यांनी गावच्या धनगराकडून काळी लोकर आणली आणि सूतकताईच्या सवयीनं, कापसाच्या चरख्यावर, कापसासारखीच कातली. कापसाचा तंतू आखूड, त्याला पीळ भरपूर लागतो. लोकरीला तेवढा पीळ दिला की तिचं सुतळ होतं. त्या सुतळाचा मफलर त्यांनी माझ्यासाठी विणला. मी तो गळ्यात घातला तेव्हा ताई म्हणाली, "याच्यानं बैल बांधा. माह्या भावाले काऊन बांधून राह्यले?" भाऊजी इतके हसले की त्यांना खोकला लागला. तो खोकला तेव्हापासूनच होता. दम्याचा. तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो, म्हणून सांगतो.

मग चरख्याची जाड चाती आली, पीळ कमी झाला, हात सैल झाला. पण लोकर चावायची थांबेना. भाऊजी या निष्कर्षाला आले की दोष कातण्यात नाही, मेंढीत आहे. आणि आपल्याला हवी तशी लोकर हवी असेल तर मेंढी आपणच निवडून वाढवली पाहिजे. थोड्याच, पण आपल्या. घरामागे पडीक जागा होतीच.

त्या हिवाळ्यात मी नालवाडीहून दर रविवारी त्यांच्याकडे जायचो आणि आमच्या गप्पा म्हणजे नुसती मेंढरं. गावातली माणसं म्हणायची, दक्षिणेकडची ती उंच, गुळगुळीत अंगाची मेंढी पाळा, खाटीक दारात येतो. भाऊजी म्हणायचे, "तिच्या अंगावर लोकर नाईच. तिले पाळून मी काय तिचे शिंगं कातू?" एक विचार मऊ लोकरीच्या विलायती संकराचा झाला. फोटोतली लोकर पाहून मलाही मोह पडला होता. पण ती थंड हवेची जात. "आपला मे महिना तिनं पाह्यला का?" असं विचारून भाऊजींनीच तो विषय बंद केला. आपली काळी दख्खनी मेंढी उन्हाला दाद देत नाही, पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलातही तग धरते, काट्याकुपाटीचा पाला खाऊन जगते. पण तिची लोकर राठ, घोंगडीला उत्तम आणि मानेला वाईट. आणि काळीवर रंग चढत नाही तो नाहीच. राहिली काठेवाड्यांची पांढरी मेंढी. दर वर्षी पिकं निघाली की गुजरातचे काठेवाडी मेंढपाळ त्यांचे कळप घेऊन आमच्याकडे येतात, शेतात खतासाठी मेंढरं बसवतात. त्या मेंढीचं तोंड लालसर, लोकर लांब आणि खांद्यावर तरी बऱ्यापैकी मऊ. शेवटी ठरलं ते असं: माद्या आपल्या काळ्या, कारण त्यांना इथं जगायचं कसं ते येतं. मेंढा पांढरा, काठेवाड्याकडून. पिल्लांतून मऊ लोकरीची ठेवायची, बाकीची द्यायची.

सगळा खेळ मेंढ्यावर होता. एका मादीची चूक एका कोकरात उतरते, मेंढ्याची चूक सगळ्या कळपात. आणि मेंढा निवडायचं काम भाऊजींनी माझ्यावर टाकलं. "साळेबुवा, तंतूच्या बाबतीत तुह्या हातासारखा हात अख्ख्या तालुक्यात नाई. मी कातणारा माणूस. मले पेळू झाल्यावर समजते. तुले अंगावरच समजीन."

ते मला म्हणाले तेव्हा ताई चुलीपाशी भाकर थापत होती. मी निघालो तशी जवसाच्या चटणीचा डबा द्यायच्या निमित्तानं फाटकापर्यंत आली. "पमू, डॉक्टरनं सांगतलं धूळ अन् तंतूपासून दूर राहा म्हणून. हे मेंढरं घेऊन बसून राह्यले. रात्री छाती वाजते त्यायची, मी बसून राहतो उशापाशी. मेंढा चांगला निघाला तं हे यातून सुटतच नाईत. तू काहीतरी कर बाप्पा." मी म्हटलं, काय करू? ती म्हणाली, "मले काय मालूम. तू शिकलेला आहेस."

मी काहीतरी केलं.

काठेवाड्याचा तळ सेलूच्या अलीकडे एका कापूस निघालेल्या शेतात होता. त्यानं काही मेंढे बाजूला काढून ठेवले होते. लोकर कशी पाहायची ते मी तोवर नीट शिकलो होतो. मेंढराच्या खांद्यावरची लोकर नेहमीच सगळ्यांत चांगली. दाखवणारा तीच दाखवतो. खरी परीक्षा मागच्या मांडीवर. तिथं लोकरीत जाडे, ठिसूळ, खडूसारखे पांढरे केस असतात. त्यांना पीळ बसत नाही, रंग लागत नाही, आणि विणल्यावर तेच मानेला टोचतात. भाऊजी त्यांना कुसळ म्हणत. मांडीवर कुसळ कमी तो मेंढा घ्यायचा. गाडीत कोपरापर्यंत हात घालतो तसाच हा न्याय, मला तो नवीन नव्हताच.

मी दोन मेंढे निवडले. एक साधा, जरा बुटका. खांदाही बरा, मांडीही बरी. दुसरा देखणा. त्याची खांद्याची लोकर बोटांत धरली तर सोडवू नये अशी. त्याच्या मांडीत मी हात घातला आणि मला झाडूत हात घातल्यासारखं वाटलं. भाऊजी माझ्या पाठीशी उभे होते. थंडीच्या हवेत त्यांचा श्वास मला ऐकू येत होता, आत-बाहेर, आत-बाहेर, बारीक शिट्टीसारखा. काठेवाडी म्हणाला, "साब, ये राजा है, राजा." भाऊजींनी विचारलं, "काय म्हणतेत बोटं?" मी देखण्या मेंढ्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हटलं, "हाच." "मांडी पाह्यली?" "पाह्यली. चांगली आहे." ते पुढे आले, त्यांनीही मेंढ्याच्या अंगावरून हात फिरवला, आणि क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "तू म्हणतं तं चांगलीच असन."

माझा हिशेब सोपा होता. पिल्लं वाईट लोकरीची निघतील, एक-दोन कातरण्यांत भाऊजी कंटाळतील, कळप विकतील, छाती वाचेल. कोणाचं काही बिघडणार नाही. चांगल्या हेतूनं खोटं बोलणाऱ्याला आपण किती हुशार आहोत असं वाटतं, ते मला त्या दिवशी घरी येताना वाटलं होतं. मोटारसायकलवर मी चक्क गुणगुणत होतो.

भाऊजी कंटाळले नाहीत. कोकरं झाली, खांद्याला सायीसारखी, मागं खराट्यासारखी. भाऊजी म्हणाले, "काही नाई, वेचून काढू." आणि वेचायला बसले. कातरणीच्या आधी मेंढरं नाल्यात धुवायची, वाळवायची, कातरायची, मग पडवीत चादर अंथरून एकेकीची लोकर वेगळी मांडायची आणि त्यातलं एकेक पांढरं कुसळ चिमटीनं उपटायचं. तोंडावर दुपट्टा बांधून ते तासन् तास बसत. चांगला मेंढा असता तर जे काम एका सकाळी झालं असतं ते आठवडाभर चालायचं. पडवीत उन्हाच्या तिरपेत तंतू उडताना दिसत. ज्या तंतूंपासून मी त्यांना वाचवायला निघालो होतो ते मीच त्यांच्या छातीत भरत होतो. रविवारी मी समोर बसायचो, माझ्या चिमटीतही कुसळ असायचं, आणि ते खोकले की माझी चिमूट थांबायची. सांगून टाकू? आत्ता? ताई चहा आणायची. मग पुढच्या रविवारी.

एकदा धीर करून म्हटलं, "भाऊजी, मेंढा बदलून टाकू." ते म्हणाले, "तुह्या पसंतीचा आहे बे तो. राहू दे." आवाज साधा होता. मी मात्र घरी येऊन जेवलो नाही. त्यांना कळलंय, असं त्या दिवशी मनात बसलं ते उठेचना.

त्यानंतर ज्या गोष्टी घडल्या त्या सगळ्या मला त्याच अर्थानं दिसत गेल्या. पूर्वी ते रविवारी माझ्या हातावर लोकरीचा झुपका ठेवून "सांग" म्हणायचे. ते बंद झालं. आता ते मला कातलेलं सूतच दाखवत. बोलता बोलता माझी बोटं हातात धरून विचारत, "मुंग्या गिंग्या येत नाई नं बोटाईले?" मी हात काढून घ्यायचो. आणि थंडी सुरू झाली की तिळाच्या तेलात लसूण कढवून एक बाटली माझ्याकडे पाठवत. "हाताले लाव. रोज." मला तो टोमणा वाटायचा. ज्या हातानं खोटं सांगितलं त्याला लाव... असं काहीतरी. एकही बाटली मी उघडली नाही. दर हिवाळ्याची बाटली माळ्यावर आधीच्या बाटलीशेजारी जाऊन बसली. बायको विचारायची, फेकून का देत नाही? फेकवतही नव्हती.

मग काठेवाडी आले असताना भाऊजींनी मेंढा बदलला. मला न नेता. माझं जाणं तोवर कमी झालं होतं, म्हणून कोकरं झाल्यावरच कळलं. नवा मेंढा बुटका, साधा, मांडी स्वच्छ. "तुले सांगाचं राह्यलं रे, घाई झाली," असं म्हणून त्यांनी विषय चटकन दुसरीकडे नेला. मी त्या दिवशी परतताना पवनारच्या पुलावर गाडी थांबवून बराच वेळ नदीकडे बघत बसलो. माणूस आपल्याला माफ करतो आहे की आपल्याला वगळतो आहे, हे न कळणं फार वाईट. त्यापेक्षा त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

शेवटची भेट दिवाळीनंतरची. भाऊजी बाजेवर उशांना टेकून बसले होते, बोलताना मध्येमध्ये थांबत होते. त्यांच्या नव्या कळपातली लोकर आता खरंच चावत नव्हती. ताईच्या खांद्यावर त्याच लोकरीची राखी शाल होती. त्यांनी उशाखालून एक झुपका काढला आणि कित्येक वर्षांनी माझ्या हातावर ठेवला. "सांग." मी ताणलं, बोटांवर पसरलं, फिरवलं. मऊ, लांब, एकसारखी लोकर, आणि तिच्यात खोल कुठेतरी एक राठ केस. आता तरी खोटं नको, एवढंच मनात आलं. म्हटलं, "चांगली आहे. पण कुसळ आहे याच्यात. एकच आहे." आणि उपटून त्यांच्या तळव्यावर ठेवलं.

भाऊजींचा चेहरा असा फुलला की मी घाबरलो. "आला बे!" त्यांनी ताईला हाक मारली, "अवो ऐकलं का? आला!" काय आला ते कोणी मला सांगितलं नाही, खोकल्याची उबळ आली आणि ते राहूनच गेलं. मी समजलो, खरं बोलणं आलं. वाटलं, ते इतकी वर्षं याचीच वाट पाहत होते. पुढच्या रविवारी सगळं सांगायचं ठरवून मी उठलो. पुढच्या रविवारी जिनिंगला गाड्या फार होत्या. त्याच्या पुढच्याही. मग फोन आला. डॉक्टर म्हणाले, वय होतं, छाती होती, थंडी होती. लोकर म्हणाले नाहीत. मी विचारलंही नाही.

तेरवी झाली, पाहुणे गेले, आणि ताईनं मला मागच्या दारी नेलं. मला वाटलं, कळप विकायचं म्हणेल; तिलाच तो नको होता. ती म्हणाली, "काठेवाडी येतीन आता. मेंढा बदलावा लागन, नाईतर बाप-लेकीचा मेळ होते. तू चाल माह्यासंगं, निवडून दे." मी म्हटलं, "मी नाही निवडणार." "काऊन?" आणि मग मी सांगितलं. उभ्या उभ्या, तिच्याकडे न बघता, मेंढरांकडे बघत. तिनं फाटकापाशी काय म्हटलं होतं, मी काय केलं, मांडीत हात घातल्यावर मला काय लागलं होतं... सगळं.

एक कोकरू ताईच्या लुगड्याचा काठ चघळत होतं, तो तिनं सोडवला नाही. मग म्हणाली, "म्या म्हटलं होतं काहीतरी कर. हे कर म्हणून नोतं म्हटलं." मी मान खाली घातली. "दोन वेळा कातरणी व्हायची सालात, पमू. रात्रभर बसून राहो मी." ती ओट्यावर बसली, पदरानं डोळे पुसले, आणि जरा वेळानं अगदी वेगळ्याच आवाजात म्हणाली, "अन् ते बिचारे समजत राह्यले का तुहा हात गेला."

मला कळलं नाही. तिनं सांगितलं. मेंढा घेतला त्याच दिवशी घरी येऊन भाऊजी तिला म्हणाले होते, "पमूच्या बोटातलं गेलं वो. मांडी झाडूसारखी आहे, अन् त्याले समजलं नाई. कोणापाशी बोलजो नको. जिनिंगवाल्याईले समजलं तं काढून टाकतीन त्याले." खोटं बोललो असेन हा विचार त्यांच्या मनाला शिवलाही नव्हता. म्हणून त्यांनी तो मेंढा घेतला, मला तोंडावर पाडलं नाही. म्हणून झुपके देणं बंद केलं, माझी परीक्षा होऊ नये म्हणून. म्हणून दुसरा मेंढा मला न सांगता आणला. म्हणून तेल. "दर थंडीत सोता कढवत होते. मी म्हणो, खोकला लागते तुमाले लसणाच्या वाफेनं, मी करतो. तं मनत, नाई, नीट कढलं पाह्यजे." आणि तो शेवटचा झुपका? "सगळा वेचून साफ केलता त्यायनं. मंग एक कुसळ मुद्दाम घातलं आतमंधी. पाहू म्हणे, तेलाचा गुण आला का."

मी तिथंच, मेंढरांच्या लेंड्यांत, खाली बसलो.

माझ्या मनातल्या भाऊजींना मी इतकी वर्षं भीत आलो, आणि खरे भाऊजी तेवढीच वर्षं माझ्यासाठी भीत होते. मी सांगितलं असतं तर ते रागावले असते, नक्की. दोन-चार रविवार बोलले नसते. मग हसून म्हणाले असते, साळेबुवा, मले वाटलं बोटं गेले, तुही तं अक्कल गेलती. हे वाक्य मला त्यांच्या आवाजात स्पष्ट ऐकू येतं. ऐकायची वेळ मात्र मी रविवारवर ढकलत राहिलो.

ताईनं घरातून एक बाटली आणून दिली. या हिवाळ्याची. भाऊजींनी आधीच कढवून ठेवलेली, पाठवायची राहिलेली. "काठेवाडी आले का निरोप धाडतो," ती म्हणाली. "यावेळी मांडीत काय लागलं ते मले सांगजो. मलेच सांगजो." माफ केलं असं तिनं म्हटलेलं नाही. मी विचारलेलं नाही. सेलूच्या बाजूनं कळप निघालेत असं परवा ऐकलं, आणि तेव्हापासून माझी झोप पातळ झाली आहे. मेंढा निवडायचा आहे. माद्या तशाच आहेत, काळ्या, राखाडी, दोन-तीन पांढऱ्या. त्यांना आमच्यातलं काही ठाऊक नाही, त्या माझ्या हाताची वाट बघतील.

तेल मी आता रोज लावतो. आधी जुन्या बाटल्या संपवतो आहे. माळ्यावरची पहिली तर इतकी खवट झाली आहे की बायको खिडक्या उघडते. कामावर निघण्याआधी हात राखेनं घासून धुतो, नाहीतर तंतू बोटाला चिकटतात आणि दर्जा कळत नाही. तरी वास जात नाही. परवा गाडीत हात घातला तर गाडीवाला नाक उडवून म्हणाला, "साहेब, हाताले काय लावता हो? लसणाचा भपका येऊन राह्यला."

मी कापसातून मूठ बाहेर काढली, ताणली, त्याला दर्जा सांगितला. मग म्हटलं, "हात गेलता माझा. औषध सुरू आहे."